शेवटचे चार सेंटिमीटर

९ जानेवारी

दादा,

तर नाही, माझं काम अणुबॉम्बचं वगैरे काही नाहीये. आईने तुला तसंच सांगितलं असणार, कारण ती शेजारच्या काकूंनाही तेच सांगते आणि काकू हल्ली माझ्याशी दोन हात लांब उभ्या राहून बोलतात. मागच्या दोन पत्रांत मी नीट समजावून लिहिलं होतं, पण तू ती उघडलीस की नाही कोण जाणे. फोन तर तू उचलतच नाहीस. पत्र निदान उचलून बाजूला तरी ठेवावं लागतं, म्हणून पत्र.

आई म्हणते तू गोदीत ग्राइंडर चालवतोस. मग तुला एका मिनिटात कळेल. ग्राइंडर लावला की ठिणग्या चाकाबरोबर गोल फिरत नाहीत ना? चाकाला घासून सरळ रेषेत सुटतात. आमच्याकडे तेच आहे, फक्त चाक मोठं. एक पोकळ नळी आहे, गोल वाकवलेली, तिच्याभोवती चालत एक फेरी मारायला मला बारा मिनिटं लागतात. आत हवासुद्धा ठेवलेली नाही. त्यातून इलेक्ट्रॉन पळतात, जवळजवळ उजेडाच्या वेगाने. त्यांना जायचं असतं सरळ, पण जागोजागी चुंबक बसवलेत, ते त्यांना वळायला लावतात. आणि एवढ्या वेगात कोणी जबरदस्तीने वळवलं की इलेक्ट्रॉन उजेड फेकतात. ठिणग्यांसारखाच, सरळ पुढे. तो डोळ्यांना दिसत नाही, कारण तो एक्स-रे असतो, पण दवाखान्यातल्या मशीनपेक्षा कितीतरी पटींनी तेज. आठ एमएमच्या प्लेटमधून असा आरपार जातो की प्लेट नाहीच.

गंमत म्हणजे आधी ह्या उजेडाला सगळे शिव्याच घालायचे. एवढ्या मेहनतीने वेग द्यायचा आणि तो वळणावर असा गळून जायचा. नुकसान! मग कोणाच्यातरी डोक्यात आलं की अरे, ही गळतीच तर कामाची आहे. आता ह्या गळतीसाठीच रिंगा बांधतात. औषधवाले, बॅटरीवाले, जुन्या चित्रांतले रंग तपासणारे, दगडात अडकलेले किडे बघणारे, सगळे वर्ष-वर्ष आधी अर्ज करून रांगेत.

मी वेल्ड बघते. न कापता, आतून.

पुढच्या महिन्यात आमच्या मॅडमना तीन दिवस मिळालेत, पाइपांच्या कामासाठी. त्यातली एक सकाळची शिफ्ट, आठ तास, त्यांनी मला दिली. "तुला हवं ते मोज," म्हणाल्या, "पण नंतर रडत येऊ नकोस."

मला काय मोजायचंय ते तुला कळलंच असेल. तू केलेल्या आणि मग फुटलेल्या त्या कॉम्प्रेसरच्या टाकीचा तुकडा. मी परवानगी मागत नाहीये, कळवतेय.

तुझी,
खिळा

(हे नाव तूच ठेवलंस. एकदा घुसली की निघत नाही म्हणून. मग आता तक्रार नको.)


२ फेब्रुवारी

दादा,

तुकडा मिळाला. कुठे होता सांगू? गॅलरीच्या दाराला. आठ वर्षं आई तो दार अडवायला वापरतेय. मी म्हटलं, "आई, हा मी नेते." तर म्हणाली, "ने, पण त्याच्या जागी काहीतरी ठेवून जा, दार आपटतं." बस्स. कशाला हवाय, काय करणार, काही नाही. मी तिथे एक वीट ठेवली. संध्याकाळी बाबा काठी टेकत गॅलरीत गेले, विटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पेपर उघडून बसले. त्यांनी विचारलंच नाही. हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. आता बसमध्ये वाटतंय.

वीतभर रुंद तुकडा आहे. मधून तुझा जोड जातो, एका कडेला ती फाटलेली धार, आणि बाजूला पुलीच्या कव्हरचा तो छोटासा पाय. सगळं गंजलंय, पण आतल्या ताणाला गंज लागत नाही.

ताण म्हणजे काय तेही सांगते, कारण तू हे हातांनी करतोस आणि आम्ही आकड्यांनी. वेल्ड गार होताना आकसतो, प्लेट त्याला आकसू देत नाही, मग लोखंड आतल्या आत ताणलं जातं. लोखंडातले अणू थरांमध्ये बसलेले असतात. ताणलं की थर लांब जातात, दाबलं की जवळ येतात. किती? हजारात एक भाग, त्याहून कमी. आमचा उजेड तेवढा फरक पकडतो. जोडाच्या इंचाइंचाला विचारता येतं, बाबा रे, तुला कोण ओढतंय?

हे करायचं तर "काही ताण नसलेलं" लोखंड किती ते आधी माहीत पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार. त्यासाठी एक छोटा कंगवा कापतात. बारीक दात केले की लोखंड मोकळं होतं, ताण सुटतो. त्याचं माप हे शून्य. मी प्लेटच्या कोपऱ्यातून कापून घेतलाय, जोडाला हात न लावता. तुझ्या जोडाला मी धक्का लावणार नाही.

आमच्याकडे एक घड्याळकाका आहेत. मशीनचा जो भाग आम्ही वापरतो तो त्यांच्या ताब्यात असतो. ते "सकाळी आठ" म्हणतात तेव्हा आठ वाजून एक मिनिट झालं तर तोंड असं करतात की रिंग त्यांच्या खिशातून चालतेय. त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "हे काय, भंगारातून आणलंस?"

मी म्हटलं, "नाही काका, घरातून आणलंय."

"तेच विचारलं मी."

एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे मध्ये येणार नाही. टाकी फुटली तेव्हा तपासणीच्या साहेबांनी मला विचारलं होतं आणि मी खरं तेच बोलले होते. "दादा त्या दिवशी घाईत होता." मी पंधरा वर्षांची होते आणि मला खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी "कारागिराचा निष्काळजीपणा" असं लिहिलं, तुझं वेल्डरचं सर्टिफिकेट काढून घेतलं, त्यात माझा काय दोष? मी खरं तेच बोलले.

खिळा


२१ फेब्रुवारी

दादा,

झालं मोजून.

आधी मशीनचं सांगते. जिथे उजेड बाहेर येतो ती शिशाच्या भिंतींची खोली आहे. दार बंद करायच्या आधी आत जाऊन कोपऱ्याकोपऱ्यातली बटणं ठरलेल्या क्रमाने दाबत फिरायचं. "इथे कोणी नाही, इथेही कोणी नाही" असं मशीनला पटवायचं. मग भोंगा वाजतो आणि दार लागतं. मला फार आवडतं ते. मी बटणं दाबताना मोठ्याने बोलते, त्यावर घड्याळकाका म्हणाले, "कोणी आहे का विचारतेस की हजेरी घेतेस?" तुझा तुकडा आत एकटाच राहिला, स्टँडवर, अंगावर चिकटपट्ट्या लावलेला, पेशंटसारखा. आम्ही बाहेर स्क्रीनसमोर. सोळाशे एकोणसाठ पॉइंट मोजले. (एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन. हो, अजूनही बोटांवर मोजून बघावं लागतं.) चहा, बिस्किटं, परत चहा.

वेळेत संपलं. काकांनी हात मिळवला.

अजून काय. इथे थंडी कमी झालीय. मी चष्मा बदलला.

ठीक आहे. सांगते. मी पत्र एकदा इथेच संपवून पाकिटात घातलं होतं, मग परत काढलं.

तुझा जोड पूर्ण लाल आला. आम्ही ताण लाल रंगात दाखवतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लालभडक, कुठे श्वास घ्यायला जागा नाही. असा जोड पाच महिने टिकला हेच नवल, असं मॅडम म्हणाल्या. त्या वाईट बोलल्या नाहीत, त्यांना माहीत नाही तो कोणाचा आहे. मी सांगितलं नव्हतं.

म्हणजे साहेबांनी लिहिलं ते बरोबर होतं. मला वाटलं होतं मी हे मोजेन आणि त्यांच्या टेबलावर आपटेन. आणि तू परत वेल्डिंग करशील. आता मी काय आपटू?

सॉरी, दादा. तुला न सांगणं बरं झालं असतं बहुतेक. पण अर्धं सांगायचं नाही असं मी ठरवलंय. का ठरवलंय ते परत कधीतरी.

खि.


१४ मार्च

दादा!!!

तुझं कार्ड आलं. आठ वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर बघितलं, तेही गोदीच्या कामाच्या स्लिपच्या मागे, आणि त्यात "कशी आहेस" सुद्धा नाही. मी ते पाठ केलंय, पण तरी इथे लिहिते, कारण मला लिहावंसं वाटतंय:

"रॉड वेगळा, प्लेट वेगळी. दोघांना एकच माप कसं लावतेस, खिळ्या?"

दादा, मी खुर्चीतून उठले आणि परत बसले. सिरीयसली. मग स्लिप घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी वाचलं, चष्मा वर केला, आणि परत वाचलं.

"हे कोणी लिहिलंय?"

"माझ्या भावाने."

"कुठल्या इन्स्टिट्यूटमध्ये असतो?"

"गोदीत. ग्राइंडर चालवतो."

"मग तिथे काय करतोय तो?" म्हणाल्या. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "आणि मी तरी काय बघत होते! मी सही केलीय ह्या डेटावर."

मी काय गाढवपणा केला तो आता मी तुलाच समजावून सांगते, म्हणजे तुला हसता येईल. वेल्डिंगचा रॉड वितळून जोडात बसतो, आणि त्याच्या लोखंडात मॅंगनीज जास्त, सिलिकॉन जास्त. त्यामुळे त्याच्यातले अणूंचे थर मुळातच जरा लांब लांब बसलेले असतात, ताण असो वा नसो. मी प्लेटचा कंगवा शून्य धरला आणि त्याच शून्याने रॉडचं लोखंड मोजलं. मग ते ताणलेलंच दिसणार! उंच माणसाला बुटक्याचा शर्ट घालायचा आणि म्हणायचं, बघा, हा किती सुजलाय. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतात हे. मलाही शिकवलं होतं. पण मी जोडाला हात लावणार नाही, तुझं काम जपणार, ह्या प्रेमापोटी कंगवा प्लेटमधून कापला आणि तुझ्यावर दुसऱ्यांदा खोटा आरोप ठेवला.

आता मला जोडातूनच कंगवा कापावा लागणार. प्लेटमधून सुरू होऊन, कव्हरच्या पायाच्या वेल्डमधून, तुझ्या जोडापर्यंत, आडवा. तुकडा एकच आहे. कापला की कापला. मी तुला विचारायला पत्र लिहायला घेतलं होतं, पण मग म्हटलं, तो काय म्हणणार ते मला माहितीय. तू म्हणशील, कापायचं तर नीट काप.

वायरकटवर, म्हणजे तारेने कापायच्या मशीनवर, नीट कापला. तार फिरत होती तेव्हा मी तिथेच उभी होते, पूर्ण वेळ.

आता फक्त उजेड पाहिजे. पुन्हा सगळं मोजायचं नाहीये, पहिलं मोजलेलं आहेच, फक्त कंगव्याचे दात मोजून नवं शून्य काढायचं. अर्धा तास पुरेल. पण रिंगचं वेळापत्रक उन्हाळ्यापर्यंत भरलंय. घड्याळकाकांना विचारलं तर म्हणाले, "अर्धा तास? इथे मी मंत्र्याला अर्धं मिनिट देत नाही." म्हणून मी रोज सकाळी आठला त्यांच्या दारात जाऊन बसते, कंगवा खिशात घेऊन. आज सहावा दिवस. आज त्यांनी न विचारता चहा दिला. लोखंड मऊ पडतंय.

खिळा


२९ मार्च

दादा,

नवव्या दिवशी मिळाला उजेड. दुपारी पावणेदोनला एका टीमचं सॅम्पल तडकलं, नवीन बसवायला त्यांना वेळ लागणार होता, आणि काकांनी दारातून फक्त माझ्याकडे बोट केलं. "चाळीस मिनिटं. एक्केचाळिसाव्या मिनिटाला मी उजेड बंद करेन, तू आत असलीस तरी." (तसं करता येत नाही. मी आत असले तर उजेड सुरूच होत नाही. पण म्हणायची पद्धत.)

दात मोजले. मला दोन शून्यं मिळायला हवी होती, एक प्लेटचं, एक रॉडचं. मिळाली तीन.

ते नंतर. आधी तुझा जोड.

मी बरोबर शून्य घातलं आणि नकाशा परत काढला. लाल गेलं, दादा. जवळजवळ सगळं गेलं. वरचा थर निळा आला, निळा म्हणजे दाबलेला, म्हणजे ठोकलेला. आणि सगळीकडे सारखा निळा नाही, ठिपक्याठिपक्यांचा. मी झूम करून बघितलं. तीन ठिपके जवळजवळ, मग जागा, मग एक. परत तीन, जागा, एक.

टक-टक-टक. टक.

मला दोन सेकंद कळलंच नाही की मला हे माहितीय. मग कळलं. वर मी अभ्यास करायचे आणि खाली वर्कशॉपमध्ये तू प्रत्येक थर गरम असतानाच हातोडीने ठोकायचास, आणि मी ओरडायचे, "दादा, बास ना, माझी केमिस्ट्री जातेय!" आणि तू मुद्दाम अजून एक टक मारायचास. तोच एक. तो लोखंडात आहे. आठ वर्षं दाराला लागून होता तरी आहे. काका मागे उभे होते, त्यांनी विचारलं, "काय झालं? डेटा खराब आला?" मी मान हलवली, आणि त्यांनी पहिल्यांदाच मला घड्याळ दाखवलं नाही.

आता बाकीचं. मला आज एका बैठकीत सगळं लिहायचंय.

ठोका जोडभर आहे आणि शेवटच्या चार सेंटिमीटरांत नाही. तिथे लाल आहे. खरं लाल. तिथे हातोडी पडलीच नाही.

आणि तडा तिथून सुरू झालेला नाही. मॅडमनी फाटलेली धार भिंगाखाली धरली, त्यावर बारीक रेषा असतात, त्या उलट्या वाचत गेलं की उगम सापडतो. उगम पायाच्या टाक्यापाशी आहे. पुलीच्या कव्हरचा पाय ज्या टाक्याने, वेल्डच्या एका ठिपक्याने, प्लेटला चिकटवलाय तो टाका. तिसरं शून्य त्याचं. टाक्याच्या कडेला ताण तुझ्या लाल भागाच्या तिप्पट, लोखंड काचेसारखं कडक झालेलं. गार प्लेटवर टाका मारला की होतं तसं, हे तुला मी सांगायला नको. त्याच उजेडाने रॉडमध्ये काय काय मिसळलंय तेही कळतं. तो तुझा रॉड नाही. तडा तिथे जन्मला, तुझ्या जोडाकडे धावला, ठोकलेल्या भागाला लागून लागून पळत राहिला, आत शिरायला जागा शोधत, आणि शेवटच्या चार सेंटिमीटरांत शिरला.

टाकीला पाय तू लावला नव्हतास. तू टाकी दिलीस तेव्हा ती गुळगुळीत होती, माझ्याकडे फोटो आहे, मी तिच्यावर बसलेय. ते स्वस्तातले रॉड पत्र्याच्या डब्यात कोण ठेवायचं, हे तुलाही माहितीय आणि मलाही.

"रॉड वेगळा." तू हे नुसतं माझ्या कंगव्याबद्दल लिहिलं होतंस का? की तुला आधीपासून माहीत होतं, आणि टाकी फुटून ज्यांचा पाय गेला त्या माणसावर बोट दाखवायचं नाही म्हणून तू गप्प बसलास?

आता माझं. मी साहेबांना म्हटलं, "दादा त्या दिवशी घाईत होता." का घाईत होता ते मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या दिवशी माझं शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं. तू शेवटचा थर टाकत होतास, आणि मी दारात युनिफॉर्ममध्ये उभी राहून म्हणाले, "चल ना दादा, सगळ्यांचे घरचे येऊन गेले पण." तू म्हणालास, "दोनच बोटं राहिलीत गं." मी म्हणाले, "तू नेहमी असंच करतोस." आणि तू हातोडी ठेवलीस.

मी हे कधीच कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. शून्य चुकीचं धरायची सवय मला नवीन नाहीये.

मी उद्या घरी जातेय. नकाशा छापून घेतलाय.

खिळा


६ एप्रिल

दादा,

गेले. जेवणं व्हायच्या आधी टेबलावर नकाशा पसरला. आई म्हणाली, "हे काय, साडीचं डिझाइन?" काठी खुर्चीला टेकवून बाबांनी चष्मा लावला. मी ठोके दाखवले. त्यांनी बोटाने टेबलावर वाजवून बघितलं, टक-टक-टक, टक. "हा त्याचाच हात," म्हणाले. मग माझं बोट टाक्यावर आलं.

"बाबा, हा टाका कोणाचा?"

"कव्हर हलत होतं," ते म्हणाले. "आवाज करायचं. एक टाका तर मारला."

"प्लेट गरम केली होतीत?"

"सकाळची वेळ. एका टाक्यासाठी कोण टॉर्च पेटवत बसतं?"

"तुम्हीच दादाला शिकवलंत, गार प्लेटवर टाका मारायचा नाही."

"शिकवायला काय जातं."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, टाकी कोणी केली. टाकी त्यानेच केली होती." मग काठी सरळ करत, "मी खरं तेच बोललो."

दादा, हे ऐकून मला राग यायला हवा होता. पण हे वाक्य मी तुला ह्याच पेनने लिहिलंय, फेब्रुवारीत. शब्द तेच. मी त्यांना चार सेंटिमीटरांचं सांगितलं. दारात मी काय बोलले तेही. पहिल्यांदा मोठ्याने. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्याकडे, दोन चोर एकाच भिंतीवर भेटल्यासारखे.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पुसत म्हणाली, "आठ वर्षं मी ते लोखंड दारात ठेवलं होतं. येताजाता दोघांच्या पायात. एकालाही वाकून बघावंसं वाटलं नाही." आणि आत जाऊन भांडी आपटली, एक नाही, सगळी.

रात्री बाबा जेवले नाहीत. सकाळी मी उठले तर ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "चल तुझ्या त्या साहेबांकडे," म्हणाले. साहेब आता दुसरे आहेत, बऱ्यापैकी तरुण. बाबा म्हणाले, "टाका माझा. पोराचं सर्टिफिकेट परत द्या." तो म्हणाला, "आजोबा, असं तोंडी चालत नाही." बाबांनी काठी त्याच्या टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाले, "मग लिहून घे, मी बसलोय." मी अशी घुसते ती कोणावर गेलेय, ते त्या दिवशी कळलं.

प्रकरण परत उघडणार. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: बाबांचा जबाब, तो झाला. माझा रिपोर्ट, मॅडम त्यावर सही करतायत. आणि तुझा जबाब. तो तुला इथे येऊन द्यावा लागेल, पोस्टाने चालत नाही, मी विचारलं. बाबांना तुला फोन करा म्हटलं तर म्हणाले, "फोनवर काय बोलणार? येऊ दे." मग हळूच विचारलं, "तिकडे त्याला हेल्मेट चांगलं देतात ना?" ते मी तुला कळवतेय, त्यांनी कळव म्हटलेलं नसताना.

रिपोर्ट सोबत पाठवतेय. तू वाचल्याशिवाय मी तो देणार नाही. पण त्यातलं काही काढणारही नाही. मॅडम म्हणाल्या, "शेवटच्या चार सेंटिमीटरांचा नकाशा जोडला नाहीस तर भावाचं काम सोपं होईल." बघत होत्या मी काय करते. मी म्हटलं, जोडणार. टाकीचं अर्धं खरं ऐकून एकदा झालंय आपलं. टाक्याचं लिहिलंय, ठोक्यांचं लिहिलंय. जिथे जिथे हातोडी पडली तिथे तडा आत शिरू शकला नाही, हे तर मी दोनदा लिहिलंय, मॅडमनी त्यातलं एक खोडलं.

फक्त एक जागा कोरी आहे. पान सातवर, चार सेंटिमीटरांसमोर, "कारण" असा रकाना आहे. मी "घाई" लिहिलं आणि खोडलं. "बहिणीने हाक मारली" असं लिहिलं तर मॅडम म्हणाल्या हे शास्त्र नाही. "शेवटचा थर ठोकलेला नाही" हे खरंय, पण ते काय झालं ते सांगतं, का झालं ते नाही. मला आकडा माहितीय, लांबी माहितीय, ताण माहितीय. पण तिथे काय लिहायचं ते मोजायचं मशीन माझ्याकडे नाही.

तू वेल्डर म्हणून सांग, दादा म्हणून नको: त्या चार सेंटिमीटरांना काय म्हणायचं, आणि ते कोणाच्या नावापुढे लिहू?

खिळा